मास्तर, लोकं उनात हायेत

मी माइकसमोर उभा राहून जरा रंगात आलो, की मागून माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं जायचं. हळूच, दावणीच्या वासरानं ओढावं तसं. वळून पाहायची गरज नसायची. पाठोपाठ आवाज यायचाच, "मास्तर, थोडक्यात आवरा. लोकं उनात हायेत."

सदरा ओढणारा हा माणूस पुढं दिल्लीला गेला, केंद्रात राज्यमंत्री झाला, आणि जसा गेला होता तसाच परत आला. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, आणि त्यांना नावानं हाक मारणारी माणसं त्यांच्या आधीच संपली होती.

राजकारणी माणसं तुम्हीही जवळून पाहिली असतील. व्यासपीठावर बसल्यावर ती काय बघतात ते एकदा नीट न्याहाळा. कुणी घड्याळ बघतं, कुणी फोटोवाला कुठं उभाय ते बघतं, कुणी शेजारच्याला आपल्यापेक्षा मोठा हार पडला का ते बघतं. तात्या मंडपाची कड बघायचे. सावली कुठं संपते आणि त्यापुढं किती माणसं डोक्यावर पदर नाहीतर टॉवेल घेऊन बसलीत, एवढंच. आमच्या बीड जिल्ह्यात मंडप नेहमीच माणसांपेक्षा लहान पडतो आणि ऊन नेहमीच पुरून उरतं. मला मात्र व्यासपीठावरून फक्त माझा आवाज ऐकू यायचा.

मी पाटोद्याच्या शाळेत मराठी आणि हिंदी शिकवायचो. माझा आवाज फार चांगला आहे, असं मला तरुणपणीच कुणीतरी सांगितलं होतं. कुणी ते आता आठवत नाही. बहुधा मीच सांगितलं असावं. त्या आवाजाच्या जोरावर मी तालुक्यातल्या सभांचं सूत्रसंचालन करायचो. पाहुण्यांची ओळख करून देताना मी त्यांना सूर्य म्हणायचो, वटवृक्ष म्हणायचो. एका सभापतींना मी हिमालय म्हणालो. सभापती फार बुटके होते. लोक खदाखदा हसले. माझ्या शब्दकळेला दाद मिळाली असं मला घरी पोचेपर्यंत वाटत होतं. घरी गेल्यावर बायकोनं खरं काय ते सांगितलं.

आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळात झाली. गावोगाव तलावांची, रस्त्यांची कामं निघाली होती आणि हजेरी घ्यायला आम्हा शिक्षकांनाही जुंपलं होतं. मी छत्री उघडून दगडावर बसायचो. तात्या मेंढपाळाच्या घरातले. त्यांचा कळप त्या वर्षी निम्मा मेला, उरलेला मातीमोल गेला, आणि हा उंच, काटक गडी खोरं घेऊन कामावर आला. मी त्यांचं नाव पुकारलं की ते "हाय" म्हणायचे. बाकी काही बोलल्याचं आठवत नाही.

पुढं कामावर पाण्याचा टँकर येईना झाला. बायका तांब्याभर पाण्यासाठी टेकडी उतरून पलीकडच्या गावाला जाऊ लागल्या. बाभळीला बांधलेल्या झोळ्यांत ठेवलेली लेकरं आधी रडायची. मग रडायचीही बंद झाली, आणि ते जास्त वाईट वाटायचं.

मी म्हणालो, "याला निवेदन पाहिजे. चांगलं भक्कम निवेदन."

कुणी नको म्हणालं नाही. मी लगेच लिहायला बसलो. पहिल्या पानावर मानवी संस्कृती नद्यांच्या काठी कशी फुलली ते मांडलं. दुसऱ्या पानावर राजेरजवाड्यांच्या विहिरी आणि बारवा घेतल्या. तिथून राज्यघटनेपर्यंत आलो आणि मान वर करून पाहिलं, तर कामावर माणूसच नाही. खोरी, पाट्या तशाच पडलेल्या. तात्या सगळ्यांना घेऊन पाटोद्याला निघून गेले होते. म्हातारी, लेकरं, झोळ्या, सगळं.

मी सायकल मारत तहसील कचेरीवर पोचलो. आवारात, व्हरांड्यात, पायऱ्यांवर, जिथं म्हणून सावली होती तिथं आमची माणसं बसली होती. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. तहसीलदार बाहेर आले आणि गोंधळून उभे राहिले.

"काय मागणी आहे तुमची?"

"काय न्हाई साहेब," तात्या उठून म्हणाले. "तिकडं लई ऊन हाय. सावलीला आलोत."

"किती वेळ बसणार?"

"ऊन उतरंस्तोर."

"अहो, पण निवेदन कुठंय?"

तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. "मास्तर लिहायलेत. लई शिकलेले हायेत, त्यांना टाइम लागतो."

तोवर कचेरीतला रांजण लेकरांनी रिकामा केला होता. साहेबांच्या चहालाही पाणी उरलं नाही. टँकर त्याच दुपारी आमच्या कामावर निघाला आणि पाठोपाठ माणसंही उठली. माझं निवेदन राज्यघटनेपाशी थांबलं ते आजतागायत तिथंच आहे.

त्यानंतर मी तात्यांच्या मागं लागलो की त्यांनी मला मागं लावून घेतलं, ते सांगता येत नाही. ते सरपंच झाले, पंचायत समितीवर गेले, आमदार झाले. प्रत्येक वेळी प्रास्ताविक मी केलं. त्यामुळंच ते निवडून येतात, असा माझा बरीच वर्षं समज होता.

आमच्या भागातली माणसं दसरा-दिवाळी झाली की कोयता, भांडी, लेकरं ट्रकमध्ये टाकून पश्चिमेकडं दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात. गावात म्हातारी आणि कुत्री तेवढी राहतात. तात्यांनी आमदार झाल्यावर एकच गोष्ट डोक्यात घेतली: आपल्या भागात आपला सहकारी कारखाना. ऊस आपला, कोयता आपला, आणि संध्याकाळी चूल आपल्याच घरात.

त्यांच्या खांद्याला खांदा लावून एक मोठे बागायतदार उभे राहिले. कारखान्याला पहिली जमीन त्यांनी दिली आणि पुढं ते त्याचे चेअरमन झाले, म्हणून मी त्यांना चेअरमनच म्हणतो. दोघांची दोस्ती अशी की जेवायला एकच ताट. चेअरमनला जाळ तिखट लागायचं, तात्यांना ते सोसायचं नाही. तरी डोळे पुसत पुसत त्याच ताटात जेवायचे.

"वेगळं वाढून घ्या की तात्या," मी एकदा म्हणालो.

"मग बोलणं वेगळं व्हतं मास्तर."

सभासद गोळा करायला आम्ही जीपमधून गावोगाव हिंडलो. मी 'सहकार' या शब्दाची फोड करून सांगायचो. 'सह' म्हणजे काय, 'कार' कुठून आला, संस्कृतात त्याचे अर्थ किती. 'कार'पाशी आलो की सदरा ओढला जायचा. मग तात्या उठायचे.

"बायांनो, कारखाना झाला तर दिवाळी झाल्यावर ट्रकमधी बसायचं न्हाई. एवढंच सांगायला आलतो."

पुढच्या टाळ्यांत आमची जीप निघालेली असायची. माझ्या व्युत्पत्तीला त्या साऱ्या दौऱ्यात एकही टाळी पडली नाही. एका गावात म्हातारा उठला होता, पण तो कार मिळणार का ते विचारायला.

कारखाना झाला. पहिल्या गळिताला मुंबईहून मोठे पुढारी आले होते. चरकाच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायची वेळ आली तेव्हा तात्यांनी गर्दीतून एका ऊसतोड म्हातारीला हाताला धरून आणलं आणि मोळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. पुढाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हातारीनं मात्र त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. जन्मभर उचलल्या तशी तिनं मोळी उचलली आणि टाकली. दुसरं टोक धरलेले पुढारी तिच्याबरोबर ओढले गेले आणि गव्हाणीत पडता पडता वाचले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात पुढारी होते, म्हातारी होती आणि कडेला माझं कोपर होतं. शाळेत मी ते कोपर सगळ्यांना दाखवलं.

मग तात्या लोकसभेला निवडून आले. मला म्हणाले, "मास्तर, चला दिल्लीला. मला तिथली हिंदी यायची न्हाई."

मी रजा टाकली. निरोप समारंभात मी माझ्याच सत्काराचं सूत्रसंचालन केलं, कारण शाळेत दुसरं कुणाला ते जमत नव्हतं.

लोकसभेतलं त्यांचं पहिलं भाषण दुष्काळावर होतं. मी रक्त आटवून ते हिंदीत लिहून दिलं. सुरुवातच अशी होती: "अनावृष्टि के कारण जनमानस त्रस्त है." मी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. तात्या उठले, चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला. "अना..." म्हणाले आणि थांबले. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"साहब," ते म्हणाले, "हमारे इधर दो साल से पानी नहीं पड़ा. जानवर मर गए. आदमी शरम के मारे जिंदा है."

सभागृहातली कुजबूज थांबली. लहानपणी ते निजामाच्या अमलातल्या उर्दू शाळेत थोडे दिवस गेले होते आणि पुढं मेंढरं घेऊन हिंडताना गावोगावची दखनी बोली त्यांच्या जिभेवर बसली होती. ते त्याच बोलीत बोलत राहिले आणि सगळे ऐकत राहिले. बाहेर आल्यावर उत्तरेकडच्या एका खासदारांनी मला थांबवलं आणि विचारलं, "आपके साहब का भाषण कौन लिखता है? कमाल की भाषा है!"

मी म्हणालो, "जी, मैं."

तात्या शेजारीच होते. गाडीत बसल्यावर तेवढं म्हणाले, "त्यांना अनावृष्टी बी आवडली असती मास्तर. पुढच्या टायमाला वाचतो."

पुढं ते राज्यमंत्री झाले. बंगला मिळाला. बंगल्यापुढं हिरवंगार गवत होतं आणि माळी रोज सकाळी पाइप लावून त्याला न्हाऊ घालायचा. तात्या व्हरांड्यात चहा पीत ते बघायचे आणि त्यांचा चहा गार व्हायचा.

"मास्तर, ह्या गवताचं पुढं काय करतेत?"

"कापतात."

"कुणाला घालायला?"

"कुणाला नाही. टाकून देतात."

त्यांनी गार झालेला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "दोन मेंढरं ठिवली तर चालतंय का, इचारा की जरा." मी खात्याच्या सचिवांना खरंच विचारलं, तेही शुद्ध हिंदीत, 'भेड़-पालन' असा शब्द वापरून. सचिव आठवडाभर माझ्याकडं पाहून गालात हसत होते. मेंढरं काही आली नाहीत. पण पाइप बंद झाला आणि गवत पिवळं पडलं. दवाखान्यासाठी दिल्लीला आलेली आमच्या जिल्ह्यातली माणसं त्या पिवळ्या गवतावर घोंगडी टाकून बसली, की तात्यांना बंगला आपला वाटायचा.

आणि मग पुन्हा दुष्काळ आला. एक वर्ष पाऊस हुलकावणी देऊन गेला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. आमच्या कारखान्याचा ऊस ज्या मोठ्या तळ्यावर होता, त्याचं पाणी माघ संपेस्तोवर तळाला गेलं. उरलं होतं ते एकतर उसाला पुरणार होतं, नाहीतर तळ्याखालच्या गावांना पावसाळ्यापर्यंत प्यायला. दोन्हीला नाही. पाणी कुणाला सोडायचं त्याची बैठक बीडला होणार होती, आणि मंत्री काय म्हणतात याकडं सगळ्यांचे डोळे होते.

बैठकीच्या आधी कारखान्यावर सभासदांची सभा ठेवली. आम्ही दिल्लीहून आलो. चेअरमन तात्यांच्या घरी आले. ताट वाढलं होतं, पण कुणीच हात घातला नाही.

"तात्या, ऊस वाळला तर कारखाना बंद पडंल," चेअरमन म्हणाले. "बंद पडला तर आपली माणसं पुन्हा कोयता घिऊन ट्रकमधी बसतील. ह्याच्यासाठी केलता का आपण इतका खटाटोप?"

"न्हाई."

"मग?"

"ट्रकमधी बसून गेलेलं माणूस परत तरी येतं," तात्या म्हणाले. "खालच्या गावात तान्ही लेकरं हायेत. दावणीला जनावरं हायेत."

"ती गावं तुमची हायेत का? तुमाला खासदार आमी केला."

चेअरमन उठून गेले. इतक्या वर्षांत त्या ताटात पहिल्यांदाच अन्न उरलं.

मी या प्रसंगासाठी एक भाषण तयार करून आणलं होतं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम भाषण असं मला वाटत होतं, कारण ते ऐकून ऊसवाल्यांना वाटलं असतं पाणी उसाला आहे, आणि खालच्या गावांना वाटलं असतं पाणी आपल्याला आहे. तात्यांनी ते सगळं शांतपणे वाचलं. एवढं पूर्ण वाचलेलं माझं हे पहिलंच भाषण.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पण मास्तर, यात शेवटाला पाणी कुणाकडं गेलं?"

"दोघांकडं."

"तळ्यात तेवढं असतं तर भाषण कशाला लागलं असतं?"

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. राजकारण मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, अशी माझी खात्रीच होती. आवाज खाली आणून मी म्हणालो, "तात्या, तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. तळ्याखालची ती गावं आपल्या मतदारसंघात येतच नाहीत. एकही मत मिळायचं नाही त्यांचं."

"ठाव हाय मला," तात्या म्हणाले. "मतदारसंघाचा नकाशा माझ्याच खोलीत लावलाय न्हवं का."

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या ते स्वतःच्या वावरात गेले. त्यांचाही ऊस होता, फार नाही, पण होता, आणि सगळ्या शिवारात ऊस तेवढाच काय तो अजून हिरवा होता. माणसं लावून तो त्यांनी तोडायला घेतला आणि बैलगाड्या भरून जनावरांच्या छावणीत चारा म्हणून पाठवला. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, बांधावर उभ्या होत्या.

"दिल्लीला गेल्यावर तरी शानपन येईल वाटलं हुतं," त्या मला म्हणाल्या. मग पदर खोचला आणि स्वतः कोयता घेऊन सरीत उतरल्या. मीही कोयता घेतला. माझ्या तोडलेल्या उसाकडं बघून वहिनी म्हणाल्या, "मास्तर, तुमी आपलं मोळ्या मोजा."

सभेला माणूस मावत नव्हतं. मी प्रास्ताविकाला उभा राहिलो. "आज आपण एका ऐतिहासिक..." एवढंच म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपण होऊन थोडक्यात आवरलं.

तात्यांनी माइक हातात घेतला. "माझा ऊस सकाळी छावणीला धाडला," ते म्हणाले. "तळ्यातलं पाणी खालच्या गावांना प्यायला जाणार. म्या तसं सांगणार हाय बैठकीत. तुमचं नुस्कान व्हणार हाय. मला ठाव हाय. तुमच्यासंगं माझं बी व्हणार हाय. काय म्हणायचं असंल ते मला म्हणा, खालच्या लोकांना न्हाई."

सुरुवातीला कुणाला खरंच वाटलं नाही. मग मागून आरडाओरडा सुरू झाला. "खाली बसा!" "ह्याच्यासाठी निवडून दिलं का बे?" ज्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं होतं तीच माणसं पुढं धावून येत होती. कुणीतरी उसाचं टिपरं भिरकावलं. ते व्यासपीठावर येऊन माझ्या गुडघ्याला लागलं. तात्या जागचे हलले नाहीत. हात जोडून तसेच उभे राहिले, लोकांचं बोलून होईपर्यंत. त्यांचा चेहरा मला कडेनं दिसत होता. ओठ आवळून धरले होते. चेअरमन खुर्चीत खाली मान घालून बसले होते. त्यांनी टिपरं फेकणाऱ्याला आवरलं नाही, आणि तात्यांना एक शब्दही उलटून बोलले नाहीत.

पाणी खाली सुटलं. ऊस वाळला. कारखान्याचं गळीत बंद राहिलं आणि दिवाळीनंतर आमच्या गावांत पुन्हा ट्रक आले. तात्या त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. ट्रकचा आवाज लांबून ऐकू येत होता. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो तर म्हणाले, "आज नगं मास्तर. आज मला ऐकू द्या."

निवडणूक आली. मी जिंकल्यावरचं भाषण लिहून ठेवलं होतं, तेही घडी न मोडता राहिलं. तात्या पडले, चांगलेच पडले. कारखान्याच्या ज्या गावांनी त्यांना मोठं केलं, त्यांनीच हात काढून घेतला. निकाल लागला तेव्हा तात्या बाजेवर आडवे झाले होते. मी डोळे पुसत आत गेलो.

"पडलो का?" त्यांनी विचारलं.

"पडलो."

"मग आता जरा झोपू द्या," म्हणाले आणि कुशीवर वळले. मला वाटलं, झोपेचं सोंग असेल. थोड्या वेळानं घोरू लागले.

दिल्लीचा बंगला सोडला तेव्हा सामान एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावलं. मी शाळेत परत रुजू झालो. पोरं मला 'दिल्लीवाले सर' म्हणायची आणि मी वर्गात आलो की एकमेकांचे सदरे ओढायची. कुणी त्यांना सांगितलं ते मला कधीच कळलं नाही.

पाऊस परत आला. तळं भरलं, ऊस उभा राहिला, कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजायला लागला. त्या मोसमाच्या मोळीचं आमंत्रण द्यायला चेअरमन स्वतः आले. दोघं ओट्यावर बसले आणि मधे भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप. फोलपटांचा ढीग झाला.

शेवटी चेअरमन म्हणाले, "या. मोळी तुमीच टाका."

"मी आलो तर सभा माझी व्हईल," तात्या म्हणाले. "लोकं तुझ्यावर चिडतील, न्हाईतर माझ्यावर. कशाला उगाच? तूच टाक."

चेअरमन उठले, चप्पल पायात सरकवली, आणि तिथंच उभं राहून लहान पोरासारखे रडले. तात्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी शेंगा फोडत राहिलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

नंतरची वर्षं तात्या एसटीनं हिंडायचे. एकदा बीडला निघालो तर गाडी खच्चून भरलेली. पुढं आमदार-खासदारांसाठी राखून ठेवलेल्या बाकावर एक बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. कंडक्टरनं तात्यांना ओळखलं आणि तिला उठवायला निघाला. मीही आवाज चढवला, "अहो बाई, हे कोण आहेत माहीत आहे का?"

"बसू दे रं तिला," तात्या दांडा धरत म्हणाले. "मुदत माझी संपलीया, तिची न्हाई."

बीडपर्यंत ते उभे राहिले. त्यामुळं मलाही उभं राहावं लागलं.

त्यांची तब्येत उतरली तेव्हा मी त्यांना अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. ते मी तात्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्याच पावसाळ्यात ते गेले. पण त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना जे झालं, ते मला अजून कुठल्याही सभेत सांगता आलेलं नाही.

ओळखीच्या एकाची जीप होती. उन्हाळा मी म्हणत होता आणि वाटेत इंजिन तापलं. ड्रायव्हरनं जवळच्या गावात, एका घरापुढच्या लिंबाखाली गाडी लावली. गाव तळ्याखालचं होतं. घरातून एक तरणी सून बाहेर आली. तिनं तात्यांना बाज टाकून दिली, ड्रायव्हरला बादली दिली आणि आम्हाला तांब्या भरून पाणी आणलं. तात्या घोट घोट करत प्याले.

"कुठलं गाव बाबा?" तिनं विचारलं.

"वरलं. तळ्याच्या वरल्या अंगाचं."

"म्हंजी उसवाले," ती हसली. "आमच्या आत्याबाई सांगतेत, एका साली लई वंगाळ दुस्काळ पडलाता. तवा कोन्या मंत्र्यानं उसाचं पाणी तोडून आमाला सोडलं म्हणं. न्हाईतर गाव उठलंच हुतं. माझं मालक तवा पाळण्यात हुते."

"कोण हुता मंत्री?" तात्यांनी विचारलं.

"काय की बाबा. असंल कुनीतरी. आता मरूनबी गेला असंल."

"असंल," तात्या म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडलं. जन्मभर ज्या माणसाची ओळख करून दिली तो माणूस समोर, आणि ऐकायला कुणीतरी उत्सुक. पण मी तांब्या उचलला आणि त्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, बाज जरा सरकवा. म्हशीला पाणी पाजायचंय, ती माणसं बघून बुजती."

तात्या उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. तिच्या हातातलं दावं त्यांनी आपल्या हातात घेतलं आणि म्हशीला हौदापाशी नेलं. म्हैस मान उंचावून परक्या माणसाकडं बघत उभी राहिली, पाण्याला तोंड लावेना. तात्यांनी तिच्या मानेवर हात फिरवला आणि ओठांचा चंबू करून शीळ घालायला सुरुवात केली. जनावर पाण्यावर आलं की मेंढपाळ घालतात तशी, बारीक, लांबलचक. म्हशीनं कान हलवले. मग मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागली. तात्या दावं धरून शीळ घालत राहिले, तिचं पोट भरेपर्यंत.